आयर्न फिस्टची वंशावळ: एका दुय्यम नायकाच्या पुनर्लेखनाचा अभ्यास

२००६ च्या अखेरीस मार्व्हल या अमेरिकी कॉमिक प्रकाशनसंस्थेने 'द इम्मॉर्टल आयर्न फिस्ट' ही कॉमिक मालिका बाजारात आणली, तेव्हा तिच्या नायकाच्या जन्माला बत्तीस वर्षे उलटली होती. पण या बत्तीस वर्षांत त्याच्या एकट्याच्या नावावर लक्षात राहावी अशी मालिका एकच होती, तीही पंधरा अंकांची. बाकीचा काळ त्याने दुसऱ्याच्या जोडीला, दुसऱ्याच्या कथेत, आणि काही वर्षे तर मृतांच्या यादीत काढला होता. असा नायक पुन्हा उभा करायचा असेल तर लेखकांसमोर सहसा दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे त्याची जन्मकथा नव्याने, काळानुरूप सांगणे, आणि दुसरा म्हणजे जुने सारे पुसून टाकून केवळ नाव आणि पोशाख राखणे. एड ब्रुबेकर व मॅट फ्रॅक्शन हे लेखक आणि डेव्हिड आहा हा स्पॅनिश चित्रकार यांनी तिसरा मार्ग धरला. त्यांनी जुन्या कथेतला एकही महत्त्वाचा तपशील बदलला नाही. त्या कथेच्या मागे काही शतकांचा भूतकाळ जोडला आणि तो भूतकाळ वर्तमानापेक्षा वेगळ्या हातांनी चितारून घेतला. माझ्या मते या मालिकेचे यश कथानकाच्या कल्पकतेत जितके आहे, तितकेच किंवा त्याहून अधिक चित्रकामाच्या या विभागणीत आहे. पुढे मालिका घसरली तीही बहुतांशी ही विभागणी मोडल्यामुळे.

उसना घेतलेला नायक

आयर्न फिस्ट प्रथम अवतरला तो मे १९७४ च्या 'मार्व्हल प्रीमियर' च्या पंधराव्या अंकात. लेखक रॉय थॉमस आणि चित्रकार गिल केन. ब्रूस ली यांचे जुलै १९७३ मध्ये निधन झाले होते, अमेरिकेतील चित्रपटगृहांत हाँगकाँगच्या मारधाडपटांची रीघ लागली होती, आणि मार्व्हलने डिसेंबर १९७३ च्या अंकात शांग-ची हा आपला पहिला कुंग-फू नायक आधीच उतरवला होता. थॉमस यांना नायकाचे नाव सुचले ते अशाच एका चित्रपटातील 'आयर्न फिस्ट' विधीच्या उल्लेखावरून. कथेचा सांगाडाही उसनाच होता. तिबेटात भिक्षूंच्या सभेने वाढवलेल्या एका अनाथ मुलाची कथा बिल एव्हरेट यांनी १९३९ मध्ये 'अमेझिंग मॅन' या पात्राच्या रूपाने रंगवली होती आणि केन यांना ती अतिशय प्रिय होती.

त्यातून सिद्ध झालेली कथा अशी. नऊ वर्षांचा डॅनी रँड आईवडील आणि वडिलांचा व्यावसायिक भागीदार हॅरल्ड मीचम यांच्यासोबत बर्फाळ पर्वतात कुन-लुन या गूढ नगराच्या शोधात निघतो. मीचम वडिलांना कड्यावरून पडून मरू देतो, आणि मुलाला वाचवण्यासाठी आई लांडग्यांच्या कळपाला सामोरी जाते. दर दहा वर्षांनी एकदाच पृथ्वीवर प्रकटणाऱ्या कुन-लुनमध्ये डॅनी लेई कुंग या गुरूच्या हाताखाली वाढतो, शाऊ-लाओ नावाच्या अमर सर्पाला मारतो, त्याच्या वितळत्या हृदयात हात घालून मुठीत शक्ती मिळवतो आणि सूड घेण्यासाठी न्यूयॉर्कला परततो.

कथा वेगवान होती आणि तिच्या निवेदनात एक चमत्कारिक प्रयोगही होता. निवेदनपट्ट्यांतील मजकूर नायकाला उद्देशून द्वितीय पुरुषात लिहिलेला असे: तू वळतोस, तू वार चुकवतोस, तुला आठवते. काही पाने हा प्रयोग वाचकाला खेचून घेतो. मग तोच त्याच्या कानाशी अखंड बडबडणारा सोबती होऊन बसतो. याहून मोठी अडचण होती ती मालकीची. पंधराव्या अंकापासून तेविसाव्यापर्यंतच्या नऊ अंकांत थॉमस, लेन वाईन, डग मंक, टोनी इसाबेला आणि क्रिस क्लेअरमाँट असे पाच लेखक झाले. क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी १९७५ ते १९७७ या काळात स्वतंत्र मालिकेचे पंधरा अंक केले आणि पात्राला पहिल्यांदा स्थैर्य दिले, पण तोवर कुंग-फूची लाट ओसरू लागली होती. १९७८ मध्ये 'पॉवर मॅन' या मालिकेच्या पन्नासाव्या अंकापासून डॅनीला त्या मालिकेचा नायक ल्यूक केज याच्यासोबत जोडण्यात आले. ही जोडी १९८६ मधील १२५ व्या अंकापर्यंत टिकली आणि त्याच अंकात डॅनीला मारण्यात आले. पुढे त्याला परत आणले गेले, तरी त्याच्याविषयी सांगण्यासारखे नवे काय उरले आहे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

सूड घेऊन झालेला होता. हीच खरी अडचण. सूडकथेचा नायक सूड संपल्यावर काय करतो, हा प्रश्न लोकप्रिय कथांना नेहमीच अवघड जातो, आणि डॅनी रँडच्या बाबतीत तर सुडाखेरीज दुसरे काही रचलेलेच नव्हते. कुन-लुन हे नगर केवळ प्रशिक्षणाची जागा म्हणून आले होते. तिथे कोण राहते, तिथला राजा असा का वागतो, डॅनीच्या आधी त्या सर्पाशी कोण लढले, याची विचारपूस गांभीर्याने झालेली नव्हती.

एक वाक्य आणि त्याचे परिणाम

ब्रुबेकर आणि फ्रॅक्शन यांनी घातलेली भर एका वाक्यात सांगता येते. 'आयर्न फिस्ट' हे एका माणसाचे नाव नसून पद आहे, ते डॅनीच्या आधी साठाहून अधिक जणांनी भूषवले आहे, आणि डॅनीच्या लगेच आधीचा धारक अजून जिवंत आहे.

हा धारक म्हणजे ऑर्सन रँडल. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढलेला, तिथल्या संहाराने मनातून मोडलेला, कुन-लुनने बोलावल्यावर योद्ध्यांच्या स्पर्धेत लढण्यास नकार देऊन पळालेला, आणि आता बँकॉकमध्ये अफूच्या धुरात स्वतःची शक्ती झाकून बसलेला म्हातारा. मालिकेच्या पहिल्या सहा अंकांत शत्रू त्याला शोधून काढतात, तो न्यूयॉर्कला डॅनीकडे येतो, आयर्न फिस्टांच्या इतिहासाचा ग्रंथ त्याच्या हाती देतो, आणि शेवटी डॅनीचा जुना वैरी डावोस याच्याशी झालेल्या झुंजीत आपली उरलेली शक्ती डॅनीला देऊन मरतो. सारांश सांगितला तर हे नेहमीचे गुरू-शिष्याचे कथानक वाटेल. परंतु ऑर्सन हा डॅनीचा गुरू नाही. तो डॅनीचा इशारा आहे: हे पद माणसाचे काय करते ते दाखवणारा. शिवाय ऑर्सन बंदुका वापरतो आणि मुठीतली शक्ती गोळ्यांत उतरवतो. लेई कुंगच्या शिस्तीत वाढलेल्या डॅनीला शक्तीचा असा उपयोग होऊ शकतो ही कल्पनाही शिवलेली नसते. वाचकाला मात्र त्या क्षणी कळते की पात्राच्या क्षमतेची जी मर्यादा आपण बत्तीस वर्षे गृहीत धरली होती, ती त्या पात्राच्या अज्ञानाची मर्यादा होती. नायकाला नवी शक्ती बहाल करण्याऐवजी जुन्याच शक्तीचा न वाचलेला इतिहास उघडून दाखवण्याची ही युक्ती फार काटकसरीची आहे.

इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ वाचत वाढलेल्या पिढीला ही रचना ओळखीची वाटेल. पिढ्यान्पिढ्या चालत आलेले पद, कवटीगुहेतील बखरी, आणि अधूनमधून एखाद्या पूर्वज वेताळाची सांगितलेली कथा, हे सारे तिथेही होते. दोन्हींतील फरक मात्र मूलभूत आहे. वेताळाचे पद बापाकडून मुलाकडे जाते, आणि साऱ्या पूर्वजांनी एकसारखे दिसावे, जगाला तो एकच न मरणारा माणूस वाटावा, यावर त्याचा दरारा उभा असतो. आयर्न फिस्टच्या वंशावळीत रक्ताचे नाते नाही. तिथे सोळाव्या शतकातली अनाथ मुलगी आहे, एकोणिसाव्या शतकातला रणनीतिज्ञ आहे, महायुद्धातून परतलेला व्यसनी आहे. प्रत्येकाचे शस्त्र, वय आणि अपयश निराळे आहे. वेताळाच्या परंपरेत सातत्य हे बळ असते, तर या परंपरेत प्रत्येक धारकाचा वेगळेपणा हाच कथेचा ऐवज ठरतो, आणि तो वेगळेपणा चित्रांतूनही दिसावा लागतो.

भूतकाळाचे हात

मालिकेचा पहिला अंक तेराव्या शतकातील रणभूमीवर उघडतो, सैन्यासमोर एकट्या उभ्या असलेल्या एका आयर्न फिस्टपाशी, आणि मग अचानक आजच्या न्यूयॉर्कमध्ये येतो. जुनी पाने ट्रॅव्हल फोरमनने काढलेली आहेत, नवी आहाने. फोरमनची रेषा बारीक, टोकदार आणि अलंकारिक आहे. आहाची जाड, काळ्या सावल्यांनी भरलेली आणि तपशिलात कंजूष. पान उलटताच काळ बदलल्याचे कळायला वर्षाची पाटी वाचावी लागत नाही.

पुढील अंकांत ही पद्धत अधिक धाडसी होते. ऑर्सनच्या भूतकाळासाठी जॉन सेव्हरिन, रस हीथ, साल बुसेमा अशा ज्येष्ठ चित्रकारांना पाचारण करण्यात आले. सेव्हरिन आणि हीथ यांची हयात युद्धकथा काढण्यात गेली होती. सेव्हरिन तेव्हा ऐंशी पार केलेले होते. गणवेशाची सुरकुती, चिखलातला बूट, रायफल धरण्याची ढब या गोष्टी त्यांच्या हाताला ठाऊक होत्या, आणि खंदकात लढलेल्या माणसाच्या आठवणी अशा हातांतून उतरल्यामुळे त्यांना वेगळे वजन आले. हा निव्वळ गौरव नव्हता. अमेरिकी कॉमिकचा स्वतःचाही एक इतिहास आहे, त्याच्या प्रत्येक दशकाची एक रेषा आहे, आणि पात्राचा भूतकाळ माध्यमाच्या भूतकाळाच्या रेषेत काढला की वाचक दोन्ही इतिहास एकाच वेळी वाचतो. वार्षिक अंकात ऑर्सनच्या साहसांची पाने हॉवर्ड चेकिन यांच्याकडे गेली, तेव्हा त्या पानांना स्वस्त कागदावरच्या जुन्या साहसकथांचा वास आला तो याच कारणाने.

सामान्यतः कॉमिकमध्ये एका अंकात अनेक चित्रकार दिसले की वाचक त्याचा अर्थ 'मुदत चुकली' असाच लावतो, आणि बहुधा तो बरोबर असतो. मासिक अंकाची बावीस पाने एका चित्रकाराने दरमहा वेळेवर देणे कठीण असते, आहासारख्या सावकाश काम करणाऱ्याला तर फारच. येथे संपादक आणि लेखकांनी ही व्यावहारिक अडचण कथेच्या रचनेतच मुरवली. पाहुणे चित्रकार कुठे आणि का येतात हे कथाच ठरवत असल्यामुळे त्यांचे येणे ठिगळ वाटत नाही.

सातवा अंक तर संपूर्णपणे भूतकाळाला दिलेला आहे. दोन मोठ्या कथांच्या मधोमध येणाऱ्या या अंकात पिंगहाई उपसागराची चाचेराणी म्हणून ओळखली गेलेली वू आओ-शी हिचे चरित्र तीन चित्रकारांत वाटून सांगितले आहे. कुन-लुनच्या रस्त्यावरची ही पोर लेई कुंगच्या नजरेस पडते, प्रशिक्षण घेते, एका कोळ्याच्या प्रेमात पडते, तिचे लढणे न सोसून तो निघून जातो तेव्हा त्याच्या शोधात नगर सोडते आणि पोटासाठी भाडोत्री लढाया करू लागते. निवेदनाचा सूर लोककथेचा, किंचित खोडकर आहे. मालिकेच्या मुख्य कथानकाला या अंकाने एक पाऊलही पुढे नेलेले नाही, आणि तरीही माझ्या दृष्टीने हा तिच्या सर्वोत्तम अंकांपैकी एक आहे, कारण 'साठाहून अधिक धारक' ही संख्या पहिल्यांदा इथे माणसाच्या रूपात दिसते.

पानावरची झुंज

आता आहाच्या पानांकडे यायला हवे, कारण मालिकेचे वर्तमान पूर्णतः त्यांच्यावर उभे आहे.

सुपरहिरो कॉमिकमधील ठोसा आणि कुंग-फूमधील ठोसा यांत चित्रकाराच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. सुपरहिरोचा ठोसा हा एकच क्षण असतो: ताणलेले शरीर, समोर उडालेला शत्रू, आणि शक्य तितकी मोठी चौकट. गिल केन या क्षणाचे उस्ताद होते. त्यांच्या आकृती जमिनीच्या पातळीवरून वर पाहिल्यासारख्या, अंग पिळलेल्या, चौकटीच्या काठांवर आदळणाऱ्या असत, आणि १९७४ च्या पहिल्या अंकातील आवेग त्यातूनच आला होता. पण युद्धकलेचा आनंद एका क्षणात मावत नाही. समोरच्याचा हात कसा अडवला, त्याच्याच वजनाचा वापर करून तोल कसा घालवला, मग कोपर कुठे बसले, हा क्रम दिसला तरच पाहणाऱ्याला कौशल्य कळते. अन्यथा दिसतो तो फक्त जोर. स्थिर चित्रांच्या माध्यमाला क्रम दाखवायचा असेल तर चौकटी वाढवाव्या लागतात, आणि चौकटी वाढल्या की प्रत्येकीचा आकार व प्रभाव घटतो. कुंग-फू कॉमिक काढणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागला आहे.

आहाचे उत्तर असे की मोठ्या चौकटीच्या आतच छोटी चौकट बसवायची. झुंजीच्या चित्रात दोन देह पूर्ण दिसतात, पार्श्वभूमी बहुधा रिकामी किंवा एकाच सपाट रंगाची असते, आणि त्या देहांवर जिथे आघात होतो नेमक्या त्या जागी एक लहानसे वर्तुळ किंवा चौकोन येतो, ज्यात फक्त मूठ आणि जबडा, टाच आणि गुडघा, किंवा बोटे आणि मनगट एवढेच दिसते. रंगकार मॅट हॉलिंग्सवर्थ अनेकदा या छोट्या चौकटींना उर्वरित पानाहून वेगळा, तापलेला रंग देतो. वाचकाचा डोळा आधी देहाची ढब टिपतो, मग आघाताचा बिंदू, मग पुढचा देह. असे करताना क्रमही कळतो आणि पानाचा भव्यपणाही जात नाही. वैद्याने मर्मस्थाने दाखवण्यासाठी काढलेल्या आकृतीशी या पानांचे नाते आहे. शरीर इथे जाणून घेण्याची वस्तू बनते.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम मला महत्त्वाचा वाटतो. आहाची माणसे फुगवलेल्या स्नायूंची नाहीत. डॅनी सडपातळ आहे, त्याचे खांदे खऱ्या व्यायामपटूसारखे आहेत, आणि चेहऱ्यावर मुखवटा असल्याने भाव देहाच्या बैठकीतून वाचावा लागतो. केन यांनी दिलेला पोशाख छातीपासून कमरेपर्यंत उघडा, उंच कॉलरचा आणि पायात पिवळे जोडे असलेला होता, सत्तरच्या दशकाला साजेसा. आहाने हिरवा-पिवळा रंगमेळ, मुखवटा आणि छातीवरची सर्पाची खूण ठेवली, पण अंग झाकले. त्यामुळे पोशाख मिरवण्याचा न राहता काम करण्याचा वाटू लागला. आहाच्या न्यूयॉर्कमध्ये गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि कार्यालयांच्या काचा आहेत, आणि हॉलिंग्सवर्थने त्यांना राखाडी, मातकट, कोंदट छटांत ठेवले आहे. म्हणून मूठ पेटते तेव्हा पानावर खरोखरच दुसरा प्रकाश येतो. संपूर्ण अंकात चकाकी सांडली असती तर हा क्षण वाया गेला असता.

लेखनाने या चित्रकामाला केलेली मोठी मदत म्हणजे गप्प राहणे. द्वितीय पुरुषी बडबड गेली. झुंजीच्या पानांवर निवेदन जवळजवळ नसते; पुढे स्पर्धेच्या कथेत डावपेचांची भारदस्त, काहीशी थट्टेखोर नावे तेवढी चौकटीशेजारी छापलेली दिसतात. चित्राने सांगितलेले शब्दांनी पुन्हा न सांगण्याची शिस्त मुख्य प्रवाहातील अमेरिकी कॉमिकमध्ये आजही सर्रास आढळत नाही.

हरलेला नायक

आठव्या ते चौदाव्या अंकांतील कथेत कल्पना आणखी एका पायरीने रुंदावते. कुन-लुन हे स्वर्गाच्या सात राजधान्यांपैकी फक्त एक निघते. दर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी ही नगरे एकत्र येतात आणि प्रत्येकीचा एक अमर योद्धा स्पर्धेत उतरतो: फॅट कोब्रा, ब्राइड ऑफ नाइन स्पायडर्स, डॉग ब्रदर नंबर वन, टायगर्स ब्यूटिफुल डॉटर, प्रिन्स ऑफ ऑर्फन्स, आणि नवे नाव घेऊन आलेला डावोस. या योद्ध्यांची ओळख विलक्षण वेगाने होते. नाव, एक दृश्य आणि एक लकब एवढ्यावर प्रत्येक जण उभा राहतो, आणि वाचक उरलेले मनातल्या मनात भरून काढतो. अवाढव्य देहाचा, खाण्यापिण्यात आणि हसण्यात रमणारा फॅट कोब्रा यांत सर्वांत लोकप्रिय झाला, आणि लेखकांनी पहिल्याच फेरीत त्याच्याकडून डॅनीला हरवले.

स्पर्धेच्या कथेत नायकाला पहिल्या फेरीत बाद करणे म्हणजे कथेचे इंजिन स्वतःच्या हाताने बंद करणे. त्यामुळेच मग लक्ष झुंजींवरून झुंजींच्या मागे काय चालले आहे तिकडे वळते. कुन-लुनचा राजा यू-टी नगराचे दरवाजे बंद ठेवून ते मुठीत ठेवतो आहे, लेई कुंग गुपचूप मुलींची फौज घडवतो आहे, आणि इकडे पृथ्वीवर डॅनीच्याच कंपनीकडून वेगवान रेल्वे बांधून घेऊन तिच्या साहाय्याने कुन-लुनचे द्वार फोडण्याचा कट शिजतो आहे. कारस्थानाचे हे धागे शेवटाकडे गुंततात, आणि खरे सांगायचे तर चौदाव्या अंकात त्यांचा उलगडा जरा घाईने होतो.

प्रिन्स ऑफ ऑर्फन्सविषयी मात्र थांबून सांगायला हवे. त्याचे खरे नाव जॉन अमान, आणि तो हिरव्या धुक्यात विरून जाऊ शकतो. हे नाव आणि ही शक्ती दोन्ही बिल एव्हरेट यांच्या १९३९ च्या अमेझिंग मॅनची आहेत. ज्या पात्रावरून आयर्न फिस्ट बेतला गेला, त्याला लेखकांनी कथेत आणले ते पळपुट्या ऑर्सनचा माग काढणारा शिकारी म्हणून. उसनवारी लपवण्याऐवजी तिला कथेतील नाते बनवण्याचे याहून चांगले उदाहरण मला या प्रकारच्या साहित्यात आठवत नाही.

न सुटलेला प्रश्न

आयर्न फिस्टवरचा जुना आक्षेप सर्वज्ञात आहे. गोरा अमेरिकी मुलगा पूर्वेकडच्या गूढ नगरात जातो आणि तिथल्या जन्मजात रहिवाशांना मागे टाकून त्यांचा सर्वश्रेष्ठ योद्धा होतो, ही कल्पना वसाहतकाळातील साहसकथांची आहे. २०१७ मध्ये दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा या आक्षेपाने पुन्हा जोर धरला. ब्रुबेकर-फ्रॅक्शन यांच्या रचनेने त्याची धार काही अंशी बोथट केली हे मान्य करायला हवे: डॅनी आता एकमेव नाही, श्रेष्ठही नाही, आणि वू आओ-शी किंवा १८६० मध्ये चीनमधील ताकूच्या किल्ल्यांवर परकीय फौजांशी लढणारा बेई बांग-वेन यांच्या शेजारी ठेवला तर तो या परंपरेतला उशिरा आलेला पाहुणा दिसतो.

पण आक्षेप मिटलेला नाही. सात नगरांची जडणघडण चिनी दंतकथांतील नावे आणि हाँगकाँगच्या चित्रपटांतील ठेवण यांच्या मिश्रणातून झाली आहे. तिथली स्त्री-योद्धी दिसतात प्रभावी, बोलतात फारच कमी, आणि कुन-लुनमधील अन्यायावर तोडगा निघतो तेव्हाही कथेचा केंद्रबिंदू न्यूयॉर्कहून आलेला वारसदार राहतो. पूर्वजांच्या कथा एकेका अंकाच्या आणि डॅनीची कथा सलग, ही रचनाच कोण मुख्य ते सांगून टाकते. मार्व्हलने २०२२ मध्ये लिन ली या चिनी तरुणाच्या हाती हे पद दिले, ते ऑर्सनच्या ग्रंथाने पद हस्तांतरणीय आहे हे आधीच प्रस्थापित केल्यामुळे सोपे गेले.

तेहतीस

पंधराव्या अंकात बेई बांग-वेनची कथा येते आणि तिच्या शीर्षकातच त्याची जन्म-मृत्यूची वर्षे दिलेली आहेत: १८२७ ते १८६०. वाचक ती वर्षे नुसती वाचून पुढे जातो. सोळाव्या अंकात, डॅनीच्या वाढदिवशी, वजाबाकी कोणीतरी करून दाखवते. कर्तव्य सोडून पळालेला ऑर्सन वगळता हे पद धारण करणारे तेहतिसाव्या वर्षी मेले आहेत, आणि डॅनी आज तेहतीस वर्षांचा झाला आहे. आहाने काढलेला हा अंक शांत, मित्रांच्या सहवासाचा आहे, आणि धक्का कुठल्याही झुंजीतून न येता एका जुन्या ग्रंथाच्या पानांतून येतो. फ्रॅक्शन आणि आहा यांनी मालिकेचा निरोप घेतला तो इथे. हेच दोघे आणि हॉलिंग्सवर्थ २०१२ मध्ये मार्व्हलच्याच 'हॉकआय' या मालिकेसाठी पुन्हा एकत्र आले, तेव्हा छोट्या चौकटींची ही भाषा त्यांनी आणखी पुढे नेली.

सतराव्या अंकापासून सत्ताविसाव्यापर्यंत लेखनाची धुरा डुएन स्वियरझिन्स्की यांच्याकडे आली. त्यांनी तेहतिसाचे कोडे प्रामाणिकपणे सोडवले: आयर्न फिस्टांना त्या वयात गाठून मारणारी एक शक्ती पिढ्यान्पिढ्या आपले सेवक पाठवत आली आहे, आणि आता डॅनीची पाळी आहे. कथा घट्ट आहे, पुढे आठव्या नगराचा शोधही उत्कंठावर्धक आहे, आणि या अंकांना नंतर मिळालेली उपेक्षा लेखनापुरती तरी अन्यायाची म्हणावी लागेल. अडचण दुसरीकडे होती. वर्तमानाची पाने आता मुख्यत्वे ट्रॅव्हल फोरमन काढू लागला, म्हणजे पहिल्या अंकापासून ज्याची रेषा वाचकाला भूतकाळाची खूण म्हणून शिकवण्यात आली होती, तोच चित्रकार. फोरमन हलका चित्रकार नाही. त्याची वाकडी, अशुभ वाटणारी शरीरे मारेकऱ्याच्या कथेला शोभूनही दिसतात. पण सोळा अंकांत डोळ्याला लागलेले वळण एका महिन्यात सुटत नाही. डॅनी आजच्या न्यूयॉर्कमध्ये आपल्या मारेकऱ्याशी झुंजत असतानाची ती पाने वाचताना, हा अजून जिवंत असलेला माणूस आपण ग्रंथातल्या पूर्वजांच्या रांगेत पाहतो आहोत असे वाटत राहते, आणि त्याच्या तेहतिसाव्या वर्षाचे काय होणार याची धास्ती त्यामुळे कमी होते.